विमान कोसळल्यानंतर बर्फात तग धरण्यासाठी: पहिल्या संध्याकाळपासून सुटकेपर्यंत

१३ ऑक्टोबर १९७२ रोजी उरुग्वेच्या हवाई दलाचे एक विमान अँडीज पर्वतात सुमारे ३,५७० मीटर उंचीवर कोसळले. त्यात ४५ जण होते आणि बहुतेक सगळे माँटेव्हिडिओच्या एका रग्बी संघाचे तरुण खेळाडू, त्यांचे मित्र आणि नातलग होते. ७२ दिवसांनंतर त्यांपैकी १६ जण जिवंत परतले. ही हकीकत जगभर सांगितली जाते ती बहुधा त्यांनी काय खाल्ले यासाठी. परंतु नवख्या माणसाने ती वेगळ्याच एका गोष्टीसाठी समजून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. विमानाचा शेपटाकडचा भाग तुटून गेल्यामुळे मागची बाजू उघडी पडली होती आणि तिथून बोचरा वारा थेट आत येत होता. अंधार पडण्याच्या आत संघाचा कर्णधार मार्सेलो पेरेस याने धडधाकट मुलांना हाताशी धरून त्या उघड्या तोंडाशी सुटकेसा आणि तुटक्या आसनांची भिंत रचायला घेतली. खाण्याचा प्रश्न काही दिवसांनी उभा राहिला. वाऱ्याचा प्रश्न त्याच संध्याकाळी सोडवावा लागला, आणि तो सोडवला नसता तर पुढचे काहीच घडले नसते.

पुढील सर्व सूचनांचा क्रम त्या भिंतीवरून ठरवला आहे. अतिथंड प्रदेशात शरीराची ऊब राखणे हे पहिले काम आहे, त्यानंतर पाणी, त्यानंतर दिसून येण्याची धडपड आणि सगळ्यात शेवटी अन्न. गिर्यारोहणाच्या शिबिरांत तीनचा एक ठोकताळा शिकवतात: हवेवाचून तीन मिनिटे, कडक हवामानात आडोशावाचून तीन तास, पाण्यावाचून तीन दिवस, अन्नावाचून तीन आठवडे. हे आकडे काटेकोर नाहीत, पण कामांचा क्रम लक्षात ठेवायला तेवढे पुरतात. लेह किंवा नेपाळमधील लुक्ला येथे विमानाने जाणारे मराठी प्रवासी आणि गिर्यारोहक आता पुष्कळ आहेत. विमान अपघात अत्यंत दुर्मीळ असतात, तरीही बर्फात गाडी अडकली किंवा पदभ्रमणात वाट चुकली, तर यातील बहुतेक माहिती तशीच कामी येते.

प्रवासाला निघताना

उबदार जाकीट, लोकरी टोपी, हातमोजे आणि मोज्यांचा एक जादा जोड सोबतच्या पिशवीत ठेवावा. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ठेवू नये, कारण अपघातानंतर ते सामान हाती लागेलच असे नाही. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पायातील बूट काढू नयेत. बसल्यावर पुढच्या आणि मागच्या दारापर्यंत किती रांगा आहेत ते मोजून ठेवावे, म्हणजे धुरात काही दिसेनासे झाले तरी आसनांना हात लावत दारापर्यंत जाता येते.

सुती कपड्यांविषयी मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्याकडे अंगाला लागून बहुधा सुतीच कपडा असतो. सूत पाणी शोषून धरते, त्याच्या धाग्यांतील हवा निघून जाते आणि घामाने ओले झालेले बनियन थंडीत अंगावरच्या ओल्या फडक्यासारखे काम करते. सह्याद्रीतले धनगर भर पावसात घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन मेंढरांमागे हिंडतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. लोकर भिजली तरी तिच्या कुरळ्या तंतूंमध्ये थोडी हवा अडकून राहते आणि ऊब पूर्णपणे जात नाही. ज्याला हे पटत नसेल त्याने एक सुती आणि एक लोकरी मोजा भिजवावा, पिळावा आणि थंडीतल्या पहाटे एकेका हातात घालून दहा मिनिटे गच्चीवर उभे राहावे. हाच फरक डोंगरात रात्रभर सोसावा लागतो.

कोसळल्यानंतरची पहिली मिनिटे

हालचाल करता येत असेल तर लगेच बाहेर पडावे आणि इतरांना बाहेर काढावे. इंधनाचा वास, धूर किंवा ठिणग्या असतील तर वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला किमान शंभर मीटर दूर जावे. इंजिने थंड होऊन इंधनाची वाफ विरेपर्यंत परत जाऊ नये आणि तोवर कोणालाही सिगारेट पेटवू देऊ नये. वाहते रक्त थांबवण्यासाठी स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे. मानेला किंवा पाठीला मार लागलेल्या माणसाला आगीचा धोका नसेल तर ओढून हलवू नये. हे सगळे चालू असतानाच एकाने आकाशाकडे आणि घड्याळाकडे लक्ष ठेवावे, कारण डोंगरात सूर्य कड्याआड गेला की काही मिनिटांत गारठा उतरतो. अंधार पडायला किती अवकाश आहे यावर पुढची सगळी कामे अवलंबून असतात.

एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. अँडीजच्या त्या अपघातात नांदो पार्रादो या तरुण खेळाडूच्या कवटीला अस्थिभंग झाला होता आणि तो सुमारे तीन दिवस बेशुद्ध होता. तो जगणार नाही असे समजून त्याला निपचित पडलेल्या लोकांजवळ ठेवले होते. तोच पुढे डोंगर ओलांडून मदत घेऊन आला. त्यामुळे श्वास आहे तोवर कोणालाही हिशेबातून वगळू नये.

ऊब कोणकोणत्या वाटांनी जाते

निवारा बांधण्यापूर्वी आपण नेमके कशाशी लढत आहोत हे समजले पाहिजे. शरीराची उष्णता मुख्यतः वाऱ्याने, ओलीने, थंड वस्तूच्या स्पर्शाने, उघड्या अंगातून बाहेर फेकली जाऊन आणि श्वासावाटे जाते. यात वारा सर्वांत फसवा आहे. तापमान उणे १० अंश सेल्सिअस असताना ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ते जवळपास उणे २० अंशांसारखे जाणवते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून ओले कपडे अंगावर वागवणे म्हणजे हाती असलेली ऊब स्वतःहून देऊन टाकणे होय.

स्पर्शाने जाणारी ऊब नवख्या माणसाच्या ध्यानात सहसा येत नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे रेल्वे फलाटावरच्या लोखंडी बाकावर बसून पाहावे. अंगात स्वेटर असला तरी मांड्या काही क्षणांत गार पडतात. विमानाचे धड अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. वारा अडवायला ते उत्तम आहे, परंतु त्याच्या तळावर किंवा भिंतीला टेकून झोपले तर ते रात्रभर अंगातली उष्णता ओढून घेत राहते. म्हणूनच माझ्या मते अंगावर काय घ्यावे याच्या आधी अंगाखाली काय घालावे याचा विचार करावा.

निवारा

पहिला पर्याय विमानाचे धड हाच असतो, पण आत जाण्यापूर्वी वर पाहावे. अँडीजमध्ये १७ व्या रात्रीच्या सुमारास, २९ ऑक्टोबरला, हिमकडा घसरून आला आणि झोपलेल्या लोकांसह धड बर्फाने भरून गेले. त्यात आठ जण मरण पावले आणि मार्सेलो पेरेस त्यांच्यापैकी एक होता. उरलेल्यांना त्या गाडलेल्या धडातच तीन दिवस काढावे लागले आणि श्वास घेण्यासाठी धातूच्या दांड्याने बर्फाला भोक पाडून वरपर्यंत वाट काढावी लागली. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुरू होतात. वरच्या बाजूला असा मोकळा, झाडे नसलेला उतार असेल, मोडलेली झाडे एकाच दिशेला पडलेली दिसत असतील किंवा नुकताच भरपूर हिमवर्षाव झाला असेल, तर बाजूच्या उंचवट्यावर किंवा दाट झाडीत आडोसा करावा. दिवसा सामान आणण्यासाठी विमानाकडे जावे, पण तिथे झोपू नये.

जागा सुरक्षित वाटली तर पुढील क्रमाने कामाला लागावे. आधी उघड्या बाजू बंद कराव्यात. सुटकेसा, आसने, दारांचे तुकडे, गालिचे जे मिळेल ते रचून फटींमध्ये बर्फ ठासावा. बर्फ स्वतः थंड असला तरी त्यात अडकलेल्या हवेमुळे तो उष्णता लवकर बाहेर जाऊ देत नाही, म्हणून फटी भरायला त्याच्याइतके चांगले साहित्य जवळपास नसते. मग जमिनीवर आसनांच्या गाद्या, गालिचा, पुठ्ठा, झाडाच्या फांद्या यांचा निदान एक वीतभर जाड थर घालावा. त्यानंतर आसनांचे अभ्रे, पडदे, भिंतीतील अस्तर आणि जीवनरक्षक जाकिटे गोळा करून पांघरुणांची तयारी करावी. अँडीजमधल्या मुलांनी आसनांचे अभ्रे काढून त्यांची पांघरुणे केली. पुढे विमानाच्या तुटलेल्या शेपटाच्या भागात त्यांना उष्णतारोधक अस्तर मिळाले, तेव्हा ते तांब्याच्या तारेने शिवून त्यांनी तिघांना पुरेल अशी झोपण्याची पिशवी केली. ती पिशवी नसती तर उघड्या डोंगरावर रात्र काढून पश्चिमेकडे जाणे त्यांना शक्य झाले नसते. गोधडी शिवणाऱ्या घरांत वाढलेल्यांना त्या कामाची किंमत सांगावी लागणार नाही: चार थर एकमेकांवर, मधे हवा, आणि टाके असे की थर सरकू नयेत.

विमान जळून गेले असेल किंवा धडात जागा नसेल, तर बर्फात चर खणावा. चर अंगाच्या लांबीपेक्षा किंचित मोठा आणि कमरेइतका खोल असावा. मोठी जागा गरम ठेवता येत नाही. वर फांद्या, दार किंवा प्लॅस्टिक टाकून त्यावर किमान एक फूट बर्फ घालावा. आत यायची वाट झोपण्याच्या ओट्यापेक्षा खाली ठेवावी, कारण थंड हवा जड असते आणि खाली साठते. छताला मुठीएवढे भोक ठेवून ते काठीने दर काही तासांनी मोकळे करावे. हे भोक बुजले तर आतली हवा कोंदट होऊन माणसे झोपेतच गुदमरतात. आत मेणबत्ती किंवा शेगडी पेटवली असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. खणायला सुरुवात करण्यापूर्वी एक थर कपडे काढून ठेवावेत आणि घाम फुटेल अशा वेगाने काम करू नये, कारण दिवसाचा घाम रात्री अंगावर गोठतो.

भारतातील विमानप्रवासात सोबतच्या पिशवीत काडेपेटी वा लायटर नेऊ देत नाहीत, आणि वृक्षरेषेच्या, म्हणजे झाडे उगवायची थांबतात त्या उंचीच्या, वर जळण मिळत नाही. त्यामुळे आग मिळाली तर उत्तम, पण योजना आगीच्या भरवशावर आखू नये. झोपताना सर्वांनी एकमेकांना बिलगून झोपावे, जखमी आणि लहान मुले मधोमध घ्यावीत आणि कडेच्या जागा दर एक-दोन तासांनी बदलाव्यात. यात संकोच बाळगू नये.

थंडी शरीरात शिरल्याची चिन्हे

शरीराच्या आतील भागाचे तापमान ३५ अंशांखाली गेले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. ती हळूहळू येते आणि ज्याला होते त्याला स्वतःला ती कळत नाही, म्हणून जोड्या लावून एकाने दुसऱ्याकडे लक्ष द्यावे. सुरुवातीला जोरात हुडहुडी भरते. त्यानंतर हात बोथट होतात. अंगठा करंगळीला टेकवायला सांगावे, आणि ते जमत नसेल तर लगेच उपाय सुरू करावेत. पुढे जीभ अडखळते, पाय लटपटतात, माणूस चिडचिड करतो किंवा एकदम गप्प बसतो. सर्वांत फसवी अवस्था त्यानंतरची असते: कुडकुडणे थांबते. ते पाहून सोबत्यांना हायसे वाटते, पण खरे तर शरीराची ऊब निर्माण करण्याची ताकद संपत आलेली असते. या टप्प्यावर काही जणांना उकडल्याचा भास होतो आणि ते अंगावरचे कपडे काढू लागतात. त्यांना तसे करू देऊ नये.

अशा माणसाला वाऱ्यापासून आडोशाला घ्यावे, ओले कपडे काढून कोरडे चढवावेत, खाली जाड थर घालावा आणि डोके, मान झाकून त्याला पांघरुणात गुंडाळावे. बाहेरून प्लॅस्टिक गुंडाळले तर आणखी चांगले. ऊब द्यायची ती छाती, काखा आणि मानेला द्यावी, हातापायांना नव्हे. तो शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल तर कोमट गोड पाणी द्यावे. दारू देऊ नये, कारण तिने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर गरम वाटते आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. हातपाय चोळू नयेत आणि त्याला उठवून चालवू नये, कारण फार गारठलेल्या माणसाच्या हृदयाची लय धसमुसळ्या हालचालीनेही बिघडू शकते. १९९९ साली नॉर्वेमध्ये बर्फाखालच्या पाण्यात अडकलेल्या एका तरुण डॉक्टर स्त्रीचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते आणि तरीही ती वाचली. त्यामुळे थंडगार पडलेल्या माणसाची नाडी लगेच लागली नाही म्हणून आशा सोडू नये. निदान मिनिटभर शांतपणे श्वास आणि नाडी तपासावी.

हिमदंश मुख्यतः बोटे, नाक, कान आणि गाल यांना होतो. त्वचा पांढरट किंवा मेणासारखी दिसते आणि बधिर होते. त्यावर बर्फ चोळण्याची जुनी समजूत घातक आहे. गोठलेल्या पेशी त्यामुळे फाटतात. हाताची बोटे स्वतःच्या काखेत आणि पाय सोबत्याच्या पोटाशी धरून गरम करावेत. भाग खोलवर गोठला असेल आणि पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर तो वितळवू नये, कारण एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या अवयवाचे नुकसान कितीतरी जास्त होते. गोठलेल्या पायांवर चालता येते, पण वितळलेल्या पायांवर चालणे जवळजवळ अशक्य असते. बूट सैल बांधावेत. घट्ट नाडीने रक्त अडते.

बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळे भाजतात आणि काही तासांनी त्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. पुठ्ठ्याला किंवा कातड्याला नाण्याच्या कडेइतकी आडवी फट पाडून तो डोळ्यांवर बांधावा. अँडीजमध्ये वैमानिकाच्या कक्षातील उन्हाचे रंगीत पडदे कापून चष्मे केले होते.

पाणी आणि अन्न

चोहीकडे बर्फ असूनही माणूस तहानेने खंगतो, कारण कोरड्या थंड हवेत श्वासावाटे पुष्कळ पाणी जाते आणि उंचीवर ते प्रमाण वाढते. बर्फ तसाच खाऊ नये. एक किलो बर्फ वितळवून शरीराच्या तापमानाला आणायला सुमारे ११७ किलोकॅलरी लागतात. एका मोठ्या पोळीतून मिळते तेवढी शक्ती केवळ पाणी गरम करण्यात जाते, शिवाय तोंड सोलवटते. फितो स्ट्राउच या तरुणाने आसनाच्या पाठीमागचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा काढला, त्याला पसरट परातीसारखा आकार देऊन एका टोकाला चोच काढली आणि त्यावर बर्फाचा पातळ थर पसरून तो उन्हात तिरपा ठेवला. थेंब थेंब पाणी बाटलीत जमू लागले. अशी चार-पाच पात्रे दुपारच्या उन्हात लावून ठेवली तर गटाची तहान भागते. गडद रंगाचे प्लॅस्टिक मिळाले तर बर्फ अधिक लवकर वितळतो. भरलेली बाटली रात्री पांघरुणात घ्यावी, नाहीतर सकाळी तिचा दगड झालेला असतो.

अन्न पहिल्याच दिवशी एकत्र करून मोजावे आणि विश्वासू माणसाकडे सोपवावे. अँडीजमध्ये थोडी चॉकलेटे, जॅमच्या बरण्या आणि वाइन असे थोडेसेच होते. त्या उंचीवर गवताचे पातेही नव्हते. ते संपल्यावर त्यांनी मृतांच्या देहांवर जगण्याचा निर्णय सगळ्यांनी बसून, देवाचे नाव घेऊन, घेतला. त्यांच्याविषयी मला आदरच वाटतो. आपल्यासाठी त्यातून घेण्याजोगा मुद्दा एवढाच की, भुकेने माणूस आठवडे काढू शकतो. अन्न शोधायला घाम गाळत बर्फात वणवण करण्यापेक्षा स्वस्थ पडून शक्ती राखणे पहिल्या आठवड्यात अधिक शहाणपणाचे असते. अनोळखी वनस्पती आणि अळंब्या खाऊ नयेत.

बर्फाऐवजी जंगल किंवा वाळवंट असेल तर कारण बदलते, क्रम फारसा बदलत नाही. २४ डिसेंबर १९७१ रोजी पेरूच्या जंगलावर विमान फुटून १७ वर्षांची युलियाने कोएपके आसनासह खाली पडली. गळपट्टीचे हाड मोडलेले आणि जवळ थोडी मिठाई, एवढ्यावर ती ११ दिवस ओढ्याच्या काठाने उतरत राहिली आणि माणसांपर्यंत पोहोचली. उष्ण पावसातही सतत ओले राहून अंग गारठते, म्हणून तिथेही रात्री जमिनीपासून उंच आणि कोरडे राहावे. वाळवंटात दिवसा सावलीत, तापलेल्या वाळूपासून फूटभर उंच बसावे, पहाटे कामे करावीत आणि पाणी बाटलीत वाचवत बसण्यापेक्षा तहान लागेल तसे प्यावे. वाचवायचा तो घाम.

दिसून येणे

कोसळलेले विमान वरून दिसेल असे आपण गृहीत धरतो. अँडीजमधल्या विमानाचा वरचा भाग पांढरा होता आणि शोध घेणाऱ्या वैमानिकांना तो बर्फात ओळखू आला नाही. मुलांनी छतावर लिपस्टिकने एसओएस लिहायचा प्रयत्न केला, पण मोठी अक्षरे काढण्याइतकी लिपस्टिक नव्हती. काही दिवसांनी छोट्या ट्रान्झिस्टरवर त्यांनीच ऐकले की शोध थांबवला आहे. तेव्हा उपग्रहांमार्फत संकटसंदेश टिपण्याची सोय नव्हती. ती १९८२ पासून सुरू झाली. आज बहुतेक विमानांत आघाताने आपोआप सुरू होणारा ४०६ मेगाहर्ट्झचा संकटसूचक असतो आणि भारताच्या परिसरातील असे संदेश बंगळूरु येथील इस्रोच्या केंद्राकडे येतात. कर्मचाऱ्यांपैकी कोणी शुद्धीवर असेल तर तो कुठे आहे आणि चालू झाला आहे का हे त्याला विचारावे. एकदा सुरू झाला की बॅटरी वाचवण्यासाठी तो बंद करू नये.

मोबाइल थंडीत लवकर मरतो. तो आतल्या खिशात अंगाशी ठेवावा, फ्लाइट मोडवर ठेवावा आणि दिवसातून दोन-तीनदा उंचवट्यावर जाऊन ११२ लावून पाहावा; कॉल लागला नाही तरी कधी कधी लघुसंदेश निघून जातो. सॅटेलाइट फोन मात्र सरकारच्या परवानगीशिवाय भारतात वापरता येत नाही आणि परदेशातून सहज म्हणून आणलेल्या अशा उपकरणामुळे लोक अडचणीत आले आहेत, हे गिर्यारोहकांनी ध्यानात ठेवावे.

जमिनीवरच्या खुणा जगभर ठरलेल्या आहेत: मदत हवी असेल तर व्ही, वैद्यकीय मदत हवी असेल तर एक्स, आणि आपण ज्या दिशेने निघालो त्या दिशेचा बाण. अक्षरे निदान अडीच मीटरची असावीत; जागा असेल तर दहा मीटरची करावीत. बर्फ तुडवून खोल चर काढावेत, म्हणजे सावली पडते, आणि त्यात गडद कपडे, फांद्या किंवा गाद्या भराव्यात. हिमवर्षाव झाला की पुन्हा उकरावे. आरसा सर्वांत प्रभावी असतो. एक हात लांब करून दोन बोटांच्या फटीत विमान पकडावे, दुसऱ्या हातातील आरशाने कवडसा आधी त्या बोटांवर पाडावा आणि मग हळूहळू हलवावा. उन्हात तो कित्येक किलोमीटरवरून दिसतो. शिट्टी किंवा विजेरी असेल तर मिनिटाला सहा वेळा खूण करून मिनिटभर थांबावे. उत्तर मिनिटाला तीन खुणांचे येते.

थांबावे की निघावे

पहिले काही दिवस जागेवरच थांबावे. विमान माणसापेक्षा मोठे असते, शोध त्याच्याच दिशेने येतो आणि निवारा तिथेच असतो. निघण्याचा विचार तेव्हाच करावा जेव्हा शोध थांबल्याची खात्री पटते, हवामान सुधारते आणि जाणाऱ्यांची तयारी पूर्ण होते.

आपण कुठे आहोत याविषयीच्या समजुतीवर मात्र संशय घ्यावा. अँडीजमध्ये विमान चिलीतील कुरिको शहर ओलांडून गेले आहे असे वैमानिकाच्या बोलण्यातून कळले होते, म्हणून पश्चिमेकडचा डोंगर ओलांडला की चिलीची हिरवी दरी लागेल अशी सर्वांची खात्री होती. प्रत्यक्षात ते अर्जेंटिनाच्या हद्दीत होते आणि पूर्वेला सुमारे २१ किलोमीटरवर एक बंद पडलेले हॉटेल होते. पार्रादो, रोबेर्तो कानेसा आणि आंतोनियो व्हिसिन्तिन १२ डिसेंबरला पश्चिमेकडे निघाले. शिखरावर पोहोचल्यावर समोर दरीऐवजी नजर पोहोचेल तिथवर बर्फाचे डोंगरच दिसले. त्यांनी तिथे जो निर्णय घेतला तो शिकण्याजोगा आहे: अन्न तिघांना पुरणार नाही हे ओळखून व्हिसिन्तिन परत गेला आणि उरलेले दोघे त्याच्या वाट्याचे अन्न घेऊन पुढे निघाले. म्हणूनच निघण्याआधी दोन्ही दिशांना एकेक दिवसाची छोटी फेरी करावी, उंचावरून पाहावे आणि सूर्य, नदी, रस्ते, तारा यांवरून अंदाज ताडून घ्यावा.

किमान दोघांनी, शक्यतो तिघांनी जावे आणि सर्वांत सुदृढ असतील त्यांनीच जावे. विमानापाशी बाण आणि चिठ्ठी ठेवावी: किती जण, कोणत्या दिशेने, कोणत्या तारखेला. पहाटे बर्फ टणक असतो तेव्हा चालावे. दुपारी तो मऊ होऊन मांडीपर्यंत पाय रुततात आणि हिमस्खलनाचा धोकाही वाढतो. आसनाच्या गाद्या पायाला बांधल्या तर वजन पसरून पाय कमी रुततात. ढग उतरले, वाट दिसेनाशी झाली तर जिथे आहोत तिथे चर खणून बसावे. पाण्याच्या प्रवाहाच्या कडेने उतरणे बहुधा वस्तीकडे नेते, परंतु डोंगरात ओढा अचानक कड्यावरून कोसळतो, म्हणून थेट घळीतून न उतरता बाजूच्या धारेवरून त्याची सोबत करावी.

माणूस भेटल्यावर

दहा दिवस चालून पार्रादो आणि कानेसा यांना एका खळाळत्या नदीच्या पलीकडे सर्हियो कातालान हा गुराखी दिसला. पाण्याच्या आवाजात बोलणे ऐकू येईना. त्याने कागद आणि पेन्सिल दगडाला बांधून पलीकडे फेकली आणि पार्रादोने त्यावर लिहून पाठवले की आम्ही डोंगरात पडलेल्या विमानातून आलो आहोत आणि वर जखमी माणसे आहेत. कातालानने जवळची भाकर त्यांच्याकडे फेकली आणि घोड्यावरून मदत आणायला गेला. अशा क्षणी काय सांगायचे ते आधीच लिहून खिशात ठेवावे: किती जण जिवंत, कुठे, कोणत्या दिशेने किती दिवस चालून आलो, कोणाला काय झाले आहे. थकव्याने त्या वेळी बोलणे जुळत नाही.

हेलिकॉप्टर आले तर त्याच्या पंख्यापासून दूर, वैमानिकाला दिसेल अशा समोरच्या बाजूला खाली बसावे, सैल कपडे आणि गाद्या दगडांखाली दाबाव्यात आणि बोलावल्याशिवाय पुढे जाऊ नये. मागच्या बाजूने तर कधीच जाऊ नये. बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला सुटकेनंतर पोटभर जेवण देऊ नये. एकदम भरपूर खाल्ल्याने रक्तातील क्षारांचे प्रमाण झपाट्याने बदलून हृदयावर घातक परिणाम होऊ शकतो. आधी थोडे थोडे पाणी आणि पातळ पेज द्यावी आणि पुढचे डॉक्टरांच्या देखरेखीखाली होऊ द्यावे. गोठलेल्या पायांतील बूट वाटेत ओढून काढू नयेत. पाय ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवण्याची सोय जिथे आहे त्या रुग्णालयात ते बूट कापून काढावेत.